करवीरची कला आणि करवीरचा प्रेक्षक

एखाद्या नगराच्या कलेचा इतिहास लिहावयास बसलेला मनुष्य प्रथम चित्रकारांची नामावली करतो, मग त्यांच्या गुरुशिष्यपरंपरेचा वंशवृक्ष काढतो आणि अखेरीस उपलब्ध चित्रांची यादी जोडून मोकळा होतो. ती चित्रे ज्याने पाहिली, त्यांच्यापुढे जो थबकला किंवा नाक मुरडून पुढे गेला, त्या माणसाची नोंद मात्र कोणत्याही दप्तरी सापडत नाही. कोल्हापुरासंबंधी आजवर जे लिहिले गेले त्याचा बहुतांश भाग याच रीतीचा आहे. भाई माधवराव बागलांनी ‘कोल्हापूरचे कलावंत’ हे पुस्तक लिहून या गावच्या चित्रकारांवर जे उपकार केले ते कोणी विसरू नयेत. स्वतः हाती कुंचला धरलेल्या माणसाने आपल्या समव्यवसायी मंडळींविषयी इतक्या मोकळ्या मनाने लिहावे ही गोष्ट मराठीत विरळाच. परंतु बागलांचा विषय कलावंत हा होता. प्रस्तुत संग्रहाचा विषय कलावंताच्या समोर उभा राहिलेला जनसमुदाय हा आहे, आणि म्हणूनच या पुस्तकात प्रदर्शनाच्या दालनाशेजारी तालीम येते, नाट्यगृहाशेजारी कुस्तीचे मैदान येते आणि पुतळ्याच्या चौथऱ्याशेजारी दुधाचा कट्टा येतो. ज्यांना ही सरमिसळ खटकेल त्यांनी थोडा धीर धरावा, कारण कोल्हापुरात या गोष्टी पुस्तकात एकत्र येण्याच्या कितीतरी आधीपासून रस्त्यावर एकत्र होत्या.

मुंबईचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवून लहान शहरांच्या कलाजीवनाचे मोजमाप करण्याची आपल्याकडे खोड आहे. मुंबईस १८८८ साली बॉम्बे आर्ट सोसायटी निघाली, तिची वार्षिक प्रदर्शने भरू लागली, पदके वाटली गेली, वर्तमानपत्रांतून गुणदोषविवेचन होऊ लागले आणि १९५२ साली जहांगीर आर्ट गॅलरी उघडल्यावर तर भिंत, भाडे, विक्री आणि टीका यांची एक पक्की घडीच बसून गेली. हा सरंजाम ज्या गावी नाही त्या गावी कलेचे जाहीर जीवनच नाही असा निष्कर्ष त्यावरून निघतो, आणि तो कोल्हापूरच्या बाबतीत साफ चुकीचा आहे. येथे चित्र विकत घेणारा वर्ग मोठा नव्हता, चित्रांवर लिहिणारा वर्ग तर जवळजवळ नव्हताच. तरीही एका संस्थानी राजधानीत, जिची वस्ती पेठापेठांत आणि तालमीतालमींत वाटलेली होती, चित्रकलेने आपले प्रेक्षक असे काही जमविले की त्यांची संख्या जहांगीरच्या कोणत्याही उद्घाटनास लाजवील. फक्त ते प्रेक्षक चित्र पाहावयास म्हणून आलेले नसत. ते नाटकाला आलेले असत, कुस्तीला आलेले असत, सभेला किंवा मिरवणुकीला आलेले असत, आणि चित्र त्यांच्या वाटेत उभे असे. या प्रस्तावनेतून मला जे सांगावयाचे आहे ते एवढेच आहे; पुढचे सारे त्याचे विवरण समजावे.

आरंभ मात्र प्रेक्षकाविनाच झाला. आबालाल रहिमान जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून, नाव मिळवून कोल्हापुरास परतले आणि कोटीतीर्थाच्या काठी त्यांनी जे एकांताचे आयुष्य पत्करले ते अखेरपर्यंत सोडले नाही. रंकाळ्याच्या पाण्यात अर्धा बुडालेला संध्यामठ, तळ्याकाठची झाडी, दिवसाच्या निरनिराळ्या प्रहरी पालटणारा उजेड हे त्यांचे विषय. पाणी ओसरले की संध्यामठ आजही पायथ्यापर्यंत उघडा पडतो आणि ज्यांनी आबालालांचे चित्र पाहिले आहे त्यांना तो दगडांपेक्षा रंगांच्या रूपानेच आधी ओळखू येतो. त्यांना आश्रय होता तो शाहू छत्रपतींचा. दरबारच्या आश्रयाने चित्रकार जगला, पण दरबारचा आश्रय म्हणजे प्रदर्शन नव्हे. चित्र राजवाड्यात गेले की रयतेच्या दृष्टीने ते पडद्याआड गेले. १९२२ साली महाराज निवर्तले आणि त्या दुःखात आबालालांनी आपली चित्रे तळ्यात सोडून दिली अशी कथा गावात सांगतात. कथेचा खरेखोटेपणा कसा का असेना, तिच्यातून एक वस्तुस्थिती व्यक्त होते, ती अशी की ज्या एका जाणत्यासाठी ही चित्रे काढली जात होती तो गेल्यावर ती कोणाला दाखवावीत असे दुसरे ठिकाण या चित्रकाराला गावात दिसले नाही. १९३१ साली त्यांचे निधन झाले. कोल्हापुरी निसर्गचित्रणाची परंपरा आपले मूळ त्यांच्यापाशी सांगते आणि ते यथार्थच आहे. परंतु ज्याला या गावची जाहीर कला म्हणता येईल तिचे मूळ शोधावयास आपल्याला कोटीतीर्थाकडून खासबागेकडे चालत जावे लागते.

शाहू महाराज १९०२ साली विलायतेस गेले असता त्या प्रवासात रोमन प्रेक्षागारांचे अवशेष त्यांच्या पाहण्यात आले आणि परत आल्यावर त्यांनी खासबागेत कुस्तीचे वर्तुळाकार मैदान बांधविण्याची तजवीज केली. १९१२ साली ते पुरे झाले, आणि १९१५ साली त्याच्या पाठीला पाठ लावून पॅलेस थिएटर उभे राहिले, ज्याला पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. मल्ल आणि नट यांना एका आवारात आणून बसविणे ही त्या काळच्या सुशिक्षितांना कदाचित अरसिकता वाटली असेल, पण या गावच्या रसिकतेचा पाया त्याच आवारात घातला गेला, असे माझे मत आहे.

त्या रंगभूमीवर चित्रकला आली ती पडद्याच्या रूपाने. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे बंधू, जे पुढे पेंटर या नावानेच ख्यात झाले, कोणत्याही कलाशाळेची पायरी न चढता नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवू लागले. राजवाड्याचा पडदा, रस्त्याचा पडदा, अरण्याचा पडदा: प्रत्येकाचे विधान निराळे, प्रत्येकातील छायाप्रकाश निराळा, आणि सर्वांत अवघड बाब ही की कापड जमिनीवर पसरून वीतभर अंतरावरून रंगवावयाचे आणि परिणाम साधावयाचा तो मात्र अगदी मागे बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत. जवळून पाहिले तर नुसते रंगाचे फटकारे, आणि गॅसबत्तीच्या उजेडात दुरून पाहिले तर संगमरवरी खांबांची रांग मागे मागे जात चाललेली. नवे पडदे हा संगीत नाटक मंडळ्यांच्या वैभवाचा एक भागच होता. तिकीट काढून आलेल्या शेतकऱ्याने, गवंड्याने, तालमीतल्या पोराने यथार्थदर्शनाचा पहिला पाठ घेतला तो याच पडद्यांपासून. रात्रभर चाललेल्या नाटकात एकेक चित्र अर्धा अर्धा तास हजारो डोळ्यांसमोर टांगलेले राहावे, एवढा वेळ दालनातल्या कोणत्या चित्राच्या वाट्याला आला आहे?

पडद्यावरचे चित्र हालू लागले ही त्याच उद्योगाची पुढची पायरी. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली प्रकट झाला आणि या दोघा भावांनी स्वतःचा कॅमेरा स्वतः घडविण्याचा ध्यास घेतला. १९१६ साली आनंदराव अकाली गेले, बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने ते यंत्र पुरे केले, महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ लोकांपुढे आली. ही हकीगत चित्रपटाच्या इतिहासात वारंवार सांगितली गेल्यामुळे तिच्या तपशिलात मी शिरत नाही. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट इतकीच की ती कंपनी चित्रकारांचा एक कारखानाच होती. दामले चित्रकार, साहेबमामा फत्तेलाल चित्रकार, बाबूराव तर चित्रकार, शिल्पकार आणि यंत्रविद सर्व काही. सेटाचा खांब, पात्राचा मुकुट आणि भिंतीवर लावावयाचे पोस्टर एकाच हाताखाली तयार होत असे, आणि तरुण उमेदवार पाहून पाहून शिकत असे. १९२९ साली दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम प्रभृतींनी निराळे होऊन प्रभात कंपनी काढली आणि १९३३ साली ती पुण्यास गेली. कोल्हापुरात स्टुडिओ मागाहूनही राहिले, पण १९४८ च्या जानेवारीअखेर गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत जयप्रभा स्टुडिओ भस्मसात झाला. भालजी पेंढारकरांनी तो पुन्हा उभारला. तथापि त्या सुमारास मोठ्या भांडवलाचा धंदा मुंबई-पुण्याकडे सरकला होता आणि हात मात्र येथून जात होते. मुंबईच्या चित्रपटगृहांवर ‘मुगल-ए-आझम’चे भव्य फलक रंगविणारे आणि पुढे राज्य शासनाने मान्य केलेले शिवछत्रपतींचे चित्र काढणारे जी. कांबळे हे कोल्हापूरचेच.

आता मी ज्या मुद्द्यावर थोडा रेंगाळणार आहे तो पुतळ्यांचा. कोल्हापुरी शिल्पकलेस जो मान मिळाला त्याचे श्रेय शिल्पकारांना देऊन आपण स्वस्थ बसतो. पण ज्या गावात घरटी एक मनुष्य कधी ना कधी लाल मातीत उतरलेला असतो, ज्याला मांडीचा पट कोठे सुटतो, खांदा कोणत्या डावात कसा फुगतो आणि दमलेल्या माणसाची मान कोणत्या बाजूस कलते हे स्वतःच्या अंगावरून माहीत असते, त्या गावात मातीचा गोळा हाती घेणाऱ्याला शरीररचनेत लबाडी करता येत नाही. पुतळा बसला की चौथऱ्याभोवती जमणारी मंडळी पहिला आक्षेप घेतात तो चेहऱ्यावर नसून पायांवर असतो. “पोटरी बारीक पडलीय” हे वाक्य मी कलासमीक्षेच्या कोणत्याही ग्रंथात वाचलेले नाही, कोल्हापूरच्या चौकात ऐकले आहे, आणि ते बहुधा बरोबर असते. कावळा नाक्यावर रवींद्र मेस्त्री यांनी घडविलेला महाराणी ताराबाईंचा अश्वारूढ पुतळा आहे. त्या उसळत्या घोड्याचा सारा भार ज्या रीतीने तोलला आहे त्याची चर्चा करणारे कित्येक जण स्वतः कधी प्रदर्शनाच्या दालनात पाऊल टाकीत नाहीत, पण तोल या गोष्टीविषयी त्यांचे मत विचारात घेण्याजोगे असते.

पुतळे हे येथील राजकारणाचेही स्थान होते. ज्याला आज शिवाजी चौक म्हणतात तेथे मुंबईचे गव्हर्नर विल्सन यांचा पुतळा होता. १९४२ च्या चळवळीत तो विद्रूप करण्यात आला आणि १९४५ साली त्याच जागी बाबूराव पेंटरांनी घडविलेला शिवछत्रपतींचा पुतळा बसला. संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झाले ते १९४९ च्या मार्चमध्ये. म्हणजे दरबारचा अंमल उठण्याआधीच चौकाचा अंमल सुरू झाला होता, असे म्हणावयास हरकत नाही. पुढल्याच वर्षी, ९ डिसेंबर १९५० रोजी, बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे उभे राहिले, बाबासाहेब स्वतः हयात असताना. या उपक्रमामागे माधवराव बागल होते आणि ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. जे. जे. मध्ये शिकलेला एक चित्रकार कलादालन काढण्याचा खटाटोप न करता गावाच्या मध्यभागी दोन पुतळे उभे करतो आणि त्या चौकाला असे काही वजन प्राप्त होते की पिढ्यान् पिढ्या कोल्हापूरचे राजकारणी एकमेकांना जाहीर चर्चेचे आव्हान देताना “बिंदू चौकात या” असेच म्हणतात. कलावस्तूने सभास्थान निर्माण करावे याचे याहून ठळक उदाहरण महाराष्ट्रात मला तरी दाखविता येणार नाही.

शिक्षणाची परंपरा याच्या समांतर चालली होती. दत्तोबा दळवी यांच्या नावाची दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट, कलानिकेतन, आणि त्यांतून बाहेर पडून दक्षिण महाराष्ट्रातील हायस्कुलांतून पसरलेले ड्रॉइंग मास्तर, ज्यांनी एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांसाठी हजारो मुलांकडून मडकी, घडीचे कापड आणि जास्वंदीची फुले काढून घेतली, यांच्याविषयी या संग्रहात स्वतंत्र मजकूर आहे. या परंपरेवर घेतला जाणारा आक्षेप सर्वश्रुत आहे: १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप निघून चित्रकलेचे सारे व्याकरण बदलू लागले तरी कोल्हापूर व्यक्तिचित्र आणि निसर्गचित्र यांतच रमले, हुबेहूबपणा म्हणजेच कला असे मानत राहिले. आक्षेपात तथ्य आहे. कित्येक प्रदर्शनांतून तोच पन्हाळा, तोच रंकाळा, तोच फेटेवाला म्हातारा पाहून माझाही जीव विटला आहे. परंतु आक्षेप घेणारे हे विसरतात की ज्या चित्रकाराला विकत घेणारा धनिक नाही आणि पाठ थोपटणारा समीक्षक नाही, त्याचा सौदा रस्त्यावरच्या माणसाशी असतो, आणि रस्त्यावरच्या माणसाचा डोळा पडद्याने, पुतळ्याने आणि आखाड्याने घडविलेला होता. तो सौदा मोडून नवी भाषा बोलू पाहणाऱ्यांना गाव सोडावे लागले किंवा गावात राहून एकटे पडावे लागले. दोन्हींची किंमत मोठी होती. पहिली गावाने मोजली, दुसरी चित्रकारांनी.

पेठांच्या आणि तालमींच्या कलेकडे मात्र शिष्टजनांनी फारसे लक्षच दिले नाही. कोल्हापूरची तालीम म्हणजे केवळ जोर-बैठकांची जागा नव्हे. तिचा गणपती असतो, तिचा फुटबॉलचा संघ असतो, आणि बाबूजमालसारख्या तालमीत मोहरमचे पंजेही बसतात, ज्यांच्या दर्शनास सर्व धर्मांची माणसे जातात. गणेशोत्सवात एकेका मंडळाचा देखावा उभा करावयास सुतार, मूर्तिकार, रंगारी, विजेचे काम जाणणारे तरुण महिनाभर राबतात आणि दहा दिवसांत पंचक्रोशीतील माणूस तो पाहून जातो. शाहूपुरीच्या आणि बापट कॅम्पच्या कुंभारवस्तीत उन्हाळा सरतो न सरतो तोच शाडू आणि प्लास्टर यांचे वाद सुरू होतात. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचे पाणी वस्तीत शिरले तेव्हा ऐन हंगामातल्या मूर्ती त्यात गेल्या आणि त्या नुकसानीची गणना ‘मालाचे नुकसान’ याच सदरात झाली, कलेच्या सदरात कोणी केली नाही.

कट्टा हा या सर्वांचा मागचा अंक. सायंकाळी गंगावेशीत जावे. रस्त्याच्या कडेस म्हशी बांधलेल्या असतात, गवळी गिऱ्हाइकासमोरच धार काढतो, पेला फेसाने वर येतो आणि पिणारा तो तोंडाला लावून उभ्यानेच रिता करतो. ओठांवरचा फेस पालथ्या हाताने पुसला की बोलणे सुरू. त्या बोलण्यात ऊसदर असतो, पाटाकडील आणि खंडोबा यांच्या सामन्यातला चुकलेला फटका असतो, निवडणूक असते, आणि शेजारच्या मंडळाने बसविलेल्या देखाव्यातील अफझलखानाचा हात अंगापेक्षा लांब झाला आहे हेही असते. पापाची तिकटी, मिरजकर तिकटी, रंकाळ्याचा कठडा, खासबागेतील भेळीच्या गाड्यांभोवतालची जागा, या साऱ्या ठिकाणी हेच चालते. शिवाय एक शांत कट्टाही आहे: १८५० साली स्थापन झालेले करवीर नगर वाचन मंदिर, जेथे वर्तमानपत्राच्या टेबलाभोवती कोणी मोठ्याने बोलत नाही पण बाहेर पडल्यावर सारे बोलतात. गायनाचा कट्टा देवल क्लबात, १८८३ पासून. संगीताला श्रोत्यांची अशी बैठक मिळाली आणि तिच्यामुळे ऐकण्याचे वळण लागले. चित्रकलेला तशी बैठक या गावात उशिरा आणि अर्धीमुर्धी मिळाली, ही तुलना संग्रहातील एका लेखकाने केली आहे आणि ती मला पटते.

दालने आहेत, हे सांगितले पाहिजे. दसरा चौकात शाहू स्मारक भवन आहे, जेथे वर्षाचे कितीतरी आठवडे कोणाचे ना कोणाचे प्रदर्शन भरलेले असते. राजारामपुरीत, चित्रपटनट म्हणून जनतेस ठाऊक असलेले पण पावडर शेडिंगच्या पद्धतीने निसर्गचित्रे काढण्यात हयात घालविलेले चंद्रकांत मांडरे यांनी आपले राहते घर चित्रांसह शासनाच्या स्वाधीन केले; त्याचे आता कलादालन झाले आहे. मेजर मँट याने आराखडा केलेल्या टाऊन हॉलच्या गॉथिक इमारतीत, ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेल्या समुद्रदेवतेच्या रोमन ब्राँझमूर्तीशेजारी, कोल्हापुरी चित्रकारांची चित्रेही जपून ठेवली आहेत. तेथे शाळांच्या सहली येतात. इतर दिवशी पहारेकरी आणि पारवे.

प्रदर्शनाचा विधी सर्वत्र एकच. फीत कापली जाते, दीप लावला जातो, पाहुण्यांचे शाल-श्रीफळ होते, पहिल्या सायंकाळी आप्तेष्टांची आणि सहाध्यायांची गर्दी उसळते, आणि दुसऱ्या दिवसापासून चित्रकार दाराशी खुर्ची टाकून बसतो. टेबलावर अभिप्रायाची वही असते. ती चाळावी. ‘अप्रतिम’, ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’, ‘खूप छान, असेच काढत राहा’ यांपलीकडे तिच्यात काही सापडत नाही, आणि ज्या गावाने पुतळ्याची पोटरी बारीक पडल्याचे एका दृष्टिक्षेपात ओळखले तेच गाव या वहीत इतके मुके का व्हावे हा प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही. उत्तर दालनाच्या पायऱ्यांवर आहे. पायऱ्या चढून येणारा मनुष्य पाहुणा होतो, आणि पाहुण्याने दोष काढणे आपल्या संस्कृतीत बसत नाही. तोच मनुष्य टाऊन हॉलच्या बागेत ‘रंगबहार’ संस्थेच्या ‘मैफल रंगसुरांची’ला येतो तेव्हा निराळा असतो. झाडाखाली समोर बसविलेल्या व्यक्तीचे चित्र रंगत असते, एका बाजूस गाणे चाललेले असते, चित्रकाराच्या मागे चार-पाच ओळींत माणसे उभी असतात, आणि कपाळावरचा पहिला उजेड पडला की कोणी तरी हलकेच म्हणतो, “आता आला बघ माणूस.” दोष काढावयाचा असेल तर तोही तेवढ्याच आवाजात निघतो. चित्रकाराला ऐकू जाते. त्याच्या हातात फरक पडतो.

याच ठिकाणी संग्राहक मंडळींशी माझा मतभेद आहे आणि त्यांनी तो छापण्याची परवानगी उदारपणे दिली आहे. त्यांच्या मते लोकांची अभिरुची ओसरली, भ्रमणध्वनीच्या पडद्याने डोळे बाटविले, म्हणून दालने ओस पडली. मला वाटते दालनांनी येणाऱ्या-जाणाऱ्याचा रस्ता सोडला, आणि ज्याला आपण लोकांची उदासीनता म्हणतो ती पुष्कळशी आपल्या मांडणीची चूक आहे. अर्थात ते म्हणतात त्यातही एक खरी गोष्ट दडलेली आहे. ज्या फलकांनी गावाचा डोळा तयार ठेवला होता ते रंगविलेले फलक डिजिटल छपाईने नाहीसे केले. चौकाचौकांत आता वाढदिवसाचे छापील फलक झळकतात, आणि अक्षर व चेहरा हाताने काढून पोट भरणारा एक संपूर्ण वर्ग एका पिढीत धंद्याबाहेर गेला. तालमीत जोर मारणारी मुले कमी झाली तर शरीर ओळखणारा प्रेक्षकही कमी होईल, हेही उघड आहे.

असे पुस्तक आताच का निघावे याचे आणखी एक कारण आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवराव भोसले यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, त्यांच्या नावाच्या नाट्यगृहास आग लागली आणि छप्पर व रंगमंच जळून गेले. त्या रात्री रस्त्यावर जमलेल्या आणि दुसऱ्या दिवशी डोळे पुसत उभ्या राहिलेल्या माणसांत नाटकवाले थोडे होते. जी वास्तू एक शतकभर लोकांनी आपली मानली तिचे महत्त्व कागदावर कोठेच नीटसे लिहिलेले नाही, ही जाणीव त्यानंतर अनेकांना झाली. पुनर्बांधणीचे अंदाजपत्रक करणाऱ्यांना दगड आणि लाकूड मोजता येते, पण तेथे कोण कोठे बसत असे, मध्यंतरात लोक कोणत्या दाराने खासबागेकडे निघत, हे मोजण्यासाठी ज्यांनी पाहिले त्यांनाच विचारावे लागते. या संग्रहाने ते विचारले आहे.

या पुस्तकाची मर्यादा मात्र वाचकाने आधीच जाणून घ्यावी. कट्टा आणि तालीम या पुरुषांच्या जागा आहेत. स्त्रियांनी चित्र कोठे पाहिले, कोणाबरोबर पाहिले, अंबाबाईच्या देवळाच्या आवारात, हळदीकुंकवास, शिवणाच्या वर्गात रंगसंगतीविषयी काय बोलणे झाले, याचा शोध या पानांत तोकडा आहे. संपादकांनी प्रयत्न केला हे मला ठाऊक आहे, पण ज्या आठवणी त्यांना मिळाल्या त्यांत स्त्रिया बहुधा देखाव्याच्या रांगेत उभ्या असलेल्याच दिसतात, बोलताना दिसत नाहीत. विक्रीच्या आणि किमतींच्या आकड्यांविषयीही पुस्तक मौन पाळते. उलटपक्षी, ज्या गोष्टीसाठी मी हे पुस्तक वाचावे असे म्हणेन ती म्हणजे त्यातील साध्या माणसांच्या साक्षी: पडदे ओढणारे, पुतळ्याचे साचे उचलणारे, मंडळाचा हिशेब ठेवणारे, दालनाचे दार उघडणारे. कलेच्या इतिहासात यांना कोणी पाचारण करीत नाही. येथे त्यांनी जबानी दिली आहे आणि ती कोर्टातल्यासारखी आखीव नसून कट्ट्यावरच्यासारखी, मूळ मुद्द्यापासून दहा वेळा भरकटून नेमकी परत येणारी आहे.

एक विनंती करून मी वाचकाची रजा घेतो. कोल्हापुरात आणि कोल्हापुराबाहेर गेलेल्या अनेक कुटुंबांत जुन्या प्रदर्शनांची निमंत्रणपत्रे, नाटकांच्या हस्तपत्रिका, मंडळांच्या देखाव्यांची छायाचित्रे, पावतीपुस्तके, पडद्यांची कच्ची रेखाटने अजून ट्रंकेच्या तळाशी पडून असतील. घर बदलताना ती रद्दीत घालू नयेत. मूळ प्रत स्वतःजवळ ठेवून तिची एक नक्कल, मागील बाजूस साल आणि ठिकाण लिहून, प्रकाशकांकडे पोहोचती करावी; दुसऱ्या आवृत्तीत तिचा उपयोग होईल.